बिलातली ती ओळ

एरवी वाचकांची पत्रं नाना विषयांवरची असतात. या वेळी गठ्ठा सोडला आणि निम्म्याहून जास्त पत्रं विजेच्या बिलावरची निघाली. सौरऊर्जा, पवनचक्क्या, सरकारी धोरण आणि या सगळ्यात पिचलेला घरखर्च. माझी नोकरी सगळी वीज वितरणात गेली. आधी मीटर तपासणीच्या टेबलावर होते, नंतर बिलाच्या तक्रारी घेण्याच्या खिडकीत. त्यामुळे या पत्रांना उत्तरं देताना हात थोडा सैल सुटला आहे, तो वाचकांनी चालवून घ्यावा.

ताई, ऊन फुकट, वारा फुकट. स्वच्छ वीज दरवर्षी वाढतेय असं वाचते, आणि माझं बिलही दरवर्षी वाढतंय. आम्हाला कुणी फसवतंय का?

खिडकीत बसायला लागून मला फार दिवस झाले नव्हते, तेव्हाची गोष्ट. एक वयस्कर गृहस्थ आले. त्यांनी पिशवीतून बारा महिन्यांची बिलं काढली, काउंटरवर एकाखाली एक लावली आणि प्रत्येक बिलावर एकाच ओळीवर बोट ठेवत गेले. रक्कम लहानच होती. म्हणाले, ‘पैसे भरायला मी तयार आहे. हे कशाचे, तेवढं सांगा.’ मला सांगता येईना. मी आत जाऊन विचारून आले. आतून एका परिपत्रकाचा क्रमांक मिळाला, तो मी त्यांना वाचून दाखवला. त्यांनी बिलं गोळा केली, जुन्या घडीवरच पुन्हा घडी घातली, ‘बरं’ म्हणाले आणि गेले. त्या खिडकीत माणसं माझ्यावर ओरडली, रडली, एकाने बिल फाडून समोर टाकलं. त्यातलं बरंच विसरले. ते ‘बरं’ अजून आठवतं.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर त्या ओळींतच आहे. ऊन फुकट आहे, पण उन्हाची वीज तुमच्या बटणापर्यंत आणणं फुकट नाही. बिलात वीज तयार करण्याचा खर्च असतो, ती वाहून आणणाऱ्या तारा, खांब, रोहित्रं यांचा असतो, कर असतो आणि धोरण राबवण्यासाठी लावलेले अधिभार असतात. सूर्य आणि वारा यातला फक्त इंधनाचा हिस्सा पुसतात. कोळशाच्या केंद्राचे पैसे रोज थोडे थोडे जळतात. सौर प्रकल्पाचे जवळजवळ सगळे पैसे पहिली वीज निघण्याआधीच खर्च होऊन बसलेले असतात, तेही बहुतेक कर्जाचे. म्हणून व्याजदर वाढला की उन्हाची वीजही महाग पडते, ऊन तेवढंच असूनही. ही गोष्ट लोकांना कुणी समजावून सांगत नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

आता पहिल्या रांगेत उभं राहिलेल्यांचं काय झालं ते पाहा. जर्मनीने २००० साली कायदा केला की, जो सूर्य-वाऱ्यावर वीज तयार करेल त्याला २० वर्षं ठरलेला दर मिळेल. बाजारभाव आणि हा दर यांतला फरक ग्राहकांच्या बिलातून, युनिटमागे अधिभार लावून वसूल होऊ लागला. २०१७ साली तो युनिटमागे ६.८८ सेंटपर्यंत चढला. भरपूर वीज खाणाऱ्या मोठ्या उद्योगांना त्यात घसघशीत सूट होती, म्हणजे त्यांच्या वाट्याचा भार घरं आणि लहान व्यावसायिक यांच्या अंगावर आला. पण त्याच काळात पॅनेलची मागणी वाढली, ती बनवणारे कारखाने वाढले आणि पॅनेलचे भाव कोसळले. संयुक्त राष्ट्रांच्या हवामान समितीच्या २०२२ च्या अहवालानुसार २०१० ते २०१९ या काळात सौरऊर्जेचा युनिटमागचा खर्च ८५ टक्क्यांनी उतरला, वाऱ्याचा ५५ टक्क्यांनी. त्या घरांनी जास्त मोजलं म्हणून मागून येणाऱ्या साऱ्या जगाला स्वस्त मिळालं. त्यांचं ऋण आपण सगळ्यांनी मान्य करायला हवं.

जर्मनीने तो अधिभार १ जुलै २०२२ ला बिलातून काढला आणि खर्च सरकारी तिजोरीवर घेतला. पण नेमका त्याच वर्षी गॅस कडाडला आणि घरांना ती सुटका जाणवलीच नाही. इथे बाजाराची एक रीत समजून घ्या. युरोपातल्या घाऊक बाजारात दिवसाच्या प्रत्येक ठराविक वेळेसाठी स्वस्त वीज आधी उचलली जाते, मग त्याहून महाग, मग त्याहून. गरज भागवायला जे शेवटचं, सगळ्यात महाग केंद्र चालू करावं लागतं, त्याचा भाव त्या वेळेला सगळ्यांना मिळतो. हे शेवटचं केंद्र बरेचदा गॅसचं असतं. फेब्रुवारी २०२२ मध्ये युक्रेनचं युद्ध पेटलं, गॅसचे भाव आभाळाला टेकले आणि पवनचक्कीची वीजही गॅसच्या भावाने विकली गेली. खिडकीतून बाहेर पाहणाऱ्या माणसाला मात्र दिसतं काय? टेकडीवर नवी पवनचक्की आणि हातात वाढलेलं बिल. दोन्ही एकाच वर्षी आलं, तेव्हा एकामुळेच दुसरं आलं, असं त्याला वाटलं तर मी त्याला दोष देणार नाही. स्पेन आणि पोर्तुगालने जून २०२२ मध्ये वीज बनवायला लागणाऱ्या गॅसच्या हिशेबी भावालाच तात्पुरती मर्यादा घातली. दुखणं कुठे आहे ते निदान त्यांनी ओळखलं.

फसवणूक हा शब्द मी वापरणार नाही. पण धोरणाचा खर्च युनिटमागे वसूल करणं मला अन्यायाचं वाटतं, आणि हे मत मी नोकरीत असतानाही मांडत होते. आयकर माणसाची कमाई पाहतो, युनिटमागचा अधिभार ती पाहत नाही. जुना फ्रिज, जुना हीटर, उष्णता धरून न ठेवणाऱ्या भिंती या बहुधा कमी कमाईच्या घरात असतात. तेवढ्याच गारव्यासाठी आणि तेवढ्याच उबेसाठी त्या घराला जास्त युनिट जाळावी लागतात, आणि प्रत्येक युनिटमागे अधिभार बसतो. सगळ्या समाजाच्या भल्याचं काम असेल तर त्याचा खर्च करातून यावा.

आमच्या घरात सगळे म्हणतात, स्वच्छ ऊर्जा हवीच. वीजदर वाढला की वडील म्हणतात, ही थेरं बंद करा. बाहेरही हेच ऐकते. लोक दुटप्पी आहेत असं समजायचं का?

नाही. तुमच्या वडिलांना तर मुळीच तसं म्हणू नका.

पाहणीत ‘सौरऊर्जा वाढावी का?’ असं विचारलं की बहुतेक जण हो म्हणतात, कारण त्यात नाही म्हणण्यासारखं काही नसतं. ‘त्यासाठी तुमच्या बिलात वाढ चालेल का?’ हा प्रश्न वेगळा आहे, आणि ‘वाढ झाली तर ती कुणाकुणात कशी वाटली जाईल?’ हा तिसराच. तीन प्रश्नांना तीन उत्तरं देणारा माणूस दुटप्पी कसा?

स्वित्झर्लंडचं उदाहरण मला फार बोलकं वाटतं, कारण तिथे लोकांना थेट मतपेटीतून विचारलं गेलं. जून २०२१ मध्ये कार्बन कायद्याची सुधारणा मतदानाला आली. तीत इंधनावरचा भार वाढणार होता, विमानाच्या तिकिटावर शुल्क बसणार होतं. ५१.६ टक्के मतदारांनी ती फेटाळली. बरोबर दोन वर्षांनी, जून २०२३ मध्ये, दुसरा कायदा आला. ध्येय तेच, २०५० पर्यंत कार्बन उत्सर्जन निव्वळ शून्यावर आणण्याचं. पण या वेळी नवा कर नव्हता. तेल-गॅसवर चालणारी घराची हीटिंग यंत्रणा बदलायला सरकार मदत देणार होतं. ५९.१ टक्के लोकांनी हो म्हटलं. दोन वर्षांत माणसं बदलली नव्हती. त्यांच्यापुढे ठेवलेला हिशेब बदलला होता.

त्याच देशात घर तापवण्याच्या इंधनावर २००८ पासून कार्बन शुल्क आहे आणि त्यातला मोठा भाग लोकांना परत मिळतो, दरडोई सारखाच. म्हणजे कमी इंधन जाळणाऱ्याचा फायदाच. पण तो परतावा येतो कसा, तर आरोग्य विम्याच्या हप्त्यातून वजा होऊन, एका बारीक ओळीत. पुष्कळांना तो मिळतोय हेच ठाऊक नसतं. घेताना ठळक आणि देताना बारीक, असं केलं की चांगल्या धोरणाचंही मातेरं होतं.

फ्रान्समध्ये नोव्हेंबर २०१८ मध्ये पिवळी जाकिटं घालून लोक चौकाचौकांत उतरले, तेही याच धाग्यातलं. डिझेल-पेट्रोलवरचा कर पुन्हा वाढणार होता, आणि त्याच वर्षी श्रीमंतांवरचा संपत्ती कर बराच आकुंचित करण्यात आला होता. बससेवा नसलेल्या गावातून रोज गाडीने कामावर जाणाऱ्या माणसाने या दोन गोष्टी शेजारी शेजारी ठेवून पाहिल्या. डिसेंबरात सरकारला ती वाढ मागे घ्यावी लागली. त्यांना पर्यावरणाचे शत्रू म्हणणं सोपं होतं, तसं अनेकांनी म्हटलंही. मला त्यांच्यात माझ्या खिडकीवरचे ते गृहस्थ दिसतात. पैसे कशाचे आणि सगळ्यांकडून सारखे घेताय का, एवढंच विचारणारे.

वडिलांशी बोलताना दराची बाजू घेऊ नका. बिल मध्ये ठेवा, एकेक ओळ सोबत वाचा आणि त्यातल्या कुठल्या ओळीचा त्यांना राग येतो ते ऐकून घ्या. बहुतेक वेळा तो राग सूर्यावर नसतो.

शेजाऱ्यांनी छतावर पॅनेल बसवली. त्यांचं बिल जवळजवळ शून्य, आणि आमचं वाढतंय. त्यांच्या वाटणीच्या तारांचे पैसे आम्ही भरतोय का?

थोडे भरता आहात, हो. किती, ते नियमावर अवलंबून.

दुपारी घरात कुणी नसतं तेव्हा शेजाऱ्यांची पॅनेल समजा सहा युनिट बाहेर ढकलतात, आणि संध्याकाळी दिवे, स्वयंपाक, टीव्हीसाठी ते सहा युनिट आत ओढतात. नेट मीटरिंगमध्ये, म्हणजे बाहेर दिलेली युनिट आत घेतलेल्यांतून वजा करण्याच्या पद्धतीत, सहातून सहा गेले, हिशेब शून्य. पण तारा दोनदा वापरल्या गेल्या, एकदा जाताना, एकदा येताना. आणि संध्याकाळची सहा युनिट कुठल्या तरी दुसऱ्या केंद्राने त्या वेळी तयार केली, जेव्हा सगळ्यांनाच वीज हवी असते आणि ती महाग असते. तारांचा खर्च जिथे युनिटच्या दरातच मिसळलेला असतो, तिथे शेजाऱ्यांच्या वाट्याचा काही भाग बाकीच्यांवर सरकतो. छताचे मालक आणि हाताशी पैसा असलेले लोक आधी पॅनेल लावतात, मागे भाडेकरू उरतात. तुमची तक्रार रास्त आहे.

यावर औषध म्हणजे नियम बदलणं, पण ते जपूनच द्यावं लागतं. कॅलिफोर्नियात १९९० च्या दशकापासून नेट मीटरिंग होतं. एप्रिल २०२३ पासून नव्या जोडण्यांसाठी बाहेर दिलेल्या युनिटचा मोबदला बराच उतरवला गेला, पण आधी जोडणी घेतलेल्यांना ठराविक मुदतीपर्यंत जुनी अट राहू दिली. हे मला पटतं. स्पेनने उलट केलं. आधी भरघोस दराचं वचन दिलं, सामान्य कुटुंबांनीही कर्ज काढून पैसे घातले आणि नंतर सरकारने दर कापले. वर २०१५ मध्ये स्वतःच्या छतावरची वीज स्वतः वापरण्यावर आकार बसवला, ज्याला लोक ‘सूर्यकर’ म्हणू लागले. तो २०१८ मध्ये रद्द झाला, पण एकदा शब्द मोडल्यावर माणूस पुढच्या योजनेवर सहजी विश्वास ठेवत नाही.

माझं मत असं : दुपारच्या युनिटला दुपारचा भाव द्या, संध्याकाळच्या युनिटला संध्याकाळचा घ्या, तारांचा खर्च उघड वेगळ्या ओळीत दाखवा आणि दिलेला शब्द मागे जाऊन बदलू नका. शेजाऱ्यांशी मात्र वाकडेपणा नको. नियम त्यांनी केलेला नाही. आणि त्यांची दुपारची वीज बहुधा तुमच्याच घरातला फ्रिज चालवते, कारण वीज जवळच्या घरी आधी खपते.

सोलार बसवणारा सांगतो, बिल कायमचं शून्य होईल आणि लाइट गेली तरी तुमच्याकडे वीज असेल. खरं मानावं का?

दोन्ही तसंच्या तसं मानू नका.

जोडणी आहे तोवर स्थिर आकार बहुतेक ठिकाणी राहतोच. आणि बॅटरी नसलेली, तारांना जोडलेली साधी यंत्रणा लाइट गेली की स्वतःहून बंद पडते, भर उन्हात सुद्धा. तो बिघाड नाही. तुमच्या छतावरची वीज बंद समजलेल्या तारेत गेली तर खांबावर चढलेल्या लाइनमनचा जीव जाईल, म्हणून इन्व्हर्टरला, म्हणजे पॅनेलची वीज घरात वापरण्याजोगी करणाऱ्या यंत्राला, तसं बांधलेलं असतं. मी अशा माणसांबरोबर काम केलं आहे. त्या एका गोष्टीवर कुणी तडजोड सुचवली तर त्याला दारातूनच परत पाठवा.

त्याला विचारायचं ते असं. वर्षाला किती युनिट निघतील ते कागदावर लिहून दे. सूर्य सगळ्यात खाली असतो त्या दिवसांत सकाळी नऊला आणि दुपारी चारला छतावर सावली कुठे पडते, ते माझ्याबरोबर वर येऊन दाखव. साध्या जोडणीत पॅनेल एका माळेत ओवलेली असतात, टाकीची सावली एकावर पडली तरी सगळ्या माळेचं उत्पादन खाली येऊ शकतं. पॅनेल साधारण २५ वर्षं चालतात, इन्व्हर्टर बहुधा त्याआधीच बदलावा लागतो. तो खर्च हिशेबात धरला का, हेही विचारा. वर यायला कंटाळा करणाऱ्याला काम देऊ नका.

आम्ही भाड्याने राहतो, छत आमचं नाही. आमच्यासारख्यांनी काय करायचं?

जर्मनीत बाल्कनीच्या कठड्याला टांगायची एक-दोन पॅनेल भाडेकरू लावतात. २०२४ पासून तिथे अशा संचाच्या इन्व्हर्टरला ८०० वॅटपर्यंत मुभा आहे आणि नोंदणीही सोपी केली आहे. घर बदललं की पॅनेल सोबत न्यायची. तुमच्याकडे असा नियम आहे का ते आधी पाहा, घरमालकाची लेखी परवानगी घ्या आणि वायरिंग जाणकाराकडून तपासून घ्या.

दुसरी वाट भागीदारीची. डेन्मार्कमधल्या साम्सो बेटाने १९९७ मध्ये सरकारची स्पर्धा जिंकली. बेटाची सगळी गरज स्थानिक, स्वच्छ ऊर्जेतून भागवून दाखवायची, अशी ती स्पर्धा होती. त्यांनी जमिनीवर ११ आणि समुद्रात १० पवनचक्क्या उभ्या केल्या. काही शेतकऱ्यांच्या मालकीच्या, काहींत बेटावरच्या रहिवाशांचे लहान लहान हिस्से. ज्या यंत्राचा आवाज कानावर येतो त्याचा पैसाही घरी येतो म्हटल्यावर विरोधाला धार राहत नाही. छत नसलेल्यालाही असा हिस्सा घेता आला पाहिजे. तुमच्या भागात अशी सहकारी संस्था नसेल, तर ती का नाही हा प्रश्न मत मागायला येणाऱ्यांना विचारण्याजोगा आहे.

धोरणं बदलतील तेव्हा बदलतील. आज रात्री माझं बिल कमी करायला काय करू? टीव्हीचं बटण भिंतीवरून बंद करून खरंच काही वाचतं का?

वाचतं, आणि किती ते तुमचं तुम्हालाच मोजता येईल.

माझ्या टेबलावर पूर्वी जे मीटर यायचे त्यांत ॲल्युमिनियमची चकती फिरायची, कडेला काळी खूण असायची. ती खूण समोरून कितीदा जाते ते घड्याळ लावून मोजायचं, हे माझं काम. आताच्या मीटरवर त्या जागी लहानसा लाल दिवा लुकलुकतो. शेजारी एक आकडा छापलेला असतो, समजा ३२००. म्हणजे तो दिवा ३२०० वेळा लुकलुकला की एक युनिट जळलं.

आज रात्री झोपण्याआधी घरातले दिवे, पंखे सगळं बंद करा, पण प्लग जिथल्या तिथे राहू द्या. फ्रिज दहा मिनिटं बंद ठेवा, नाहीतर त्याची मोटर मध्येच सुरू होऊन मोजणी बिघडवेल. मग मीटरसमोर उभं राहून दोन लुकलुकींमधले सेकंद मोजा. ४५ सेकंद आले तर तासाला ८० लुकलुकी होतात, म्हणजे २५ वॅट. घर झोपलंय असं तुम्ही समजता तेव्हाही चालू असलेले २५ वॅट. महिन्याला १८ युनिट, वर्षाला २१९. यात सेट टॉप बॉक्स, वायफाय, मायक्रोवेव्हवरचं घड्याळ, भिंतीत तसेच राहिलेले चार्जर असे सगळे असतात. चार्जर फार खात नाहीत, सेट टॉप बॉक्स खातो. एकेक प्लग काढत जा आणि प्रत्येक वेळी पुन्हा सेकंद मोजा. ज्या प्लगनंतर दिव्याचा वेग एकदम मंदावेल, तो तुमचा चोर.

मोजून झालं की फ्रिज आठवणीने चालू करा.